पियुषला दिलेला एक हंगाम

तळेगावला बसमधून उतरून बाजाराच्या रस्त्यानं आत आलं की डाव्या हाताला भैय्याजी गुल्हाने यांचं कृषी केंद्र लागतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गेली बारा वर्षं तिथं त्यांचा मुलगा पियुष उभा असतो. उंच, जरासा वाकलेला, शर्टाच्या खिशात पेन आणि औषधाच्या डब्यांतून निघणारी घडीची माहितीपत्रकं. एखादा शेतकरी चष्मा घरी राहिला म्हणाला, की खरं कारण पियुषला कळतं. तो काही न बोलता पत्रक उलगडतो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो. किती पाण्यात किती औषध, वारा कोणत्या बाजूचा असावा, तोंडाला काय बांधावं. एकदा माझ्यासमोर एक जण त्याला म्हणाला, "पियुषभाऊ, अजून एक डाव वाच ना गा. समजलं तं होतं, पन आइकाले बरं वाटते."

त्याचा आवाज पहिल्यापासून तसाच आहे. मी आष्टीच्या शाळेत मराठी शिकवायची आणि राहायची तळेगावात, त्यामुळं पियुष आणि मी एकाच बसनं जात-येत असू. तो आठवीत असताना मी त्याला आमच्या शारदा मंडळाच्या नाटकात घेतलं.

आमच्याकडं शारदोत्सवाचं नाटक कोजागिरीच्या आसपास होतं. नेमकं तेव्हा सोयाबीन निघतं. दुकानदार दुकानात, शेतकरी शेतात, पाठांतराला सवड कुणालाच नसते. तालमी होतात चार, फार तर पाच. म्हणून पुस्तक धरणारं माणूस लागतं. पुस्तक धरायचं म्हणजे डावीकडच्या पडद्याआड स्टुलावर बसून, नटाच्या एक वाक्य पुढं राहून, अख्खं नाटक हळू आवाजात वाचत जायचं. नट ते झेलतो आणि मोठ्यानं बोलतो. शहरातल्या लोकांना हे कमीपणाचं वाटेल. आम्हाला कधी वाटलं नाही. पडदा उघडण्याआधी सगळे नट शारदेच्या पाया पडत आणि मग पुस्तक धरणाऱ्याच्या. वीस वर्षं ते काम माझ्याकडं होतं.

बाकीचे नट अर्धं वाक्य ऐकून पुढं पळायचे आणि उरलेलं पदरचं घालायचे. पियुष पूर्ण ऐकून घ्यायचा. समोरच्याचं बोलणं संपलं की तो क्षणभर थांबे, मान किंचित डावीकडं कलती होई, आणि मग तो बोले. त्या थांबण्यावर गाव खूश होतं. "हा पोट्टा इचार करून बोलते," असं लोक म्हणत. तो कशासाठी थांबतो ते त्याला आणि मला ठाऊक होतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटत नव्हतं. पाठ कर म्हणून मी त्याला एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं केलं असतं. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आण म्हटलं की वीस वेळा लिहून आणणाऱ्यांतला तो होता.

पुढं त्यानं कृषीची पदवी घेतली आणि भैय्याजींच्या शेजारी गल्ल्यावर उभा राहिला. वर्षातून एक नाटक सुटलं नाही.

त्याची धाकटी बहीण प्रेरणा सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी तिला संगणकावर एक जाहिरात दिसली. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा आठ आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम होता, अभिजात अभिनयाचा. जुनी ग्रीक आणि इंग्रजी पद्यनाटकं रंगमंचावर कशी उभी करायची, श्वास, आवाज, चालणं. दोन जागा लहान गावांतल्या हौशी नटांसाठी राखलेल्या, त्यांना फी नाही. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं एक लांब भाषण सादर करायचं आणि त्यावरून काही जणांना पूर्ण वर्षाच्या अभ्यासक्रमात घ्यायचं. अर्जासोबत चार मिनिटांचं चित्रण हवं होतं, कुठल्याही भाषेत.

चित्रण आम्ही शाळेच्या सभागृहात केलं. लग्नांचं शूटिंग करणारा स्वप्निल कॅमेरा घेऊन आला. पियुष मधोमध उभा राहिला आणि मी सवयीनं डावीकडं स्टूल ओढून पुस्तक घेऊन बसले. मी वाचत गेले, तो बोलत गेला. फार सुरेख झालं. दोन दिवसांनी स्वप्निलनं ते दाखवायला आणलं.

"बाई, तुमची कुजबुज सारी काढून टाकली," तो म्हणाला. "आता कसं साफ आइकू येते."

आम्हा तिघांनाही ते योग्यच वाटलं. पुस्तक धरणाऱ्याचा आवाज प्रेक्षकांत जाऊ नये हा आमचा पहिला नियम. चित्रणातही तो जायला नको, इतका साधा हिशेब. आपण त्या परक्या लोकांना काहीतरी वेगळं सांगतो आहोत हे माझ्यासारख्या, जन्मभर पोरांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या बाईच्या ध्यानात आलं नाही.

मार्चमध्ये पत्र आलं. पियुषची निवड झाली होती. हेलन नावाच्या तिथल्या मुख्य शिक्षिकेनं लिहिलं होतं की हा नट बोलण्याआधी ऐकतो, आणि हे शिकवून येत नाही. प्रेरणानं फोनवर ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं. मी ते मराठीत करून मंडळाच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

आता प्रश्न भैय्याजींचा होता. पियुषनं मला सोबत नेलं. भैय्याजींनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"कोन्त्या महिन्यात हाय ते?"

"जूनच्या पाच तारखेपासून, बाबा. जुलैच्या शेवटी संपते."

"पेरनीत?"

कृषी केंद्राचं वर्ष जून-जुलैवर उभं असतं. मृग लागला की पहाटेपासून दुकानापुढं बैलगाड्या आणि मोटरसायकली असतात.

"लोकं बियानं न्याले येतीन, अन् आमचा पोट्टा नाटक शिकाले गेला म्हनून सांगू?" भैय्याजी म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "बाई, काय शिकवतात तिथं?"

मी वाचलेलं सांगितलं, की पहिला आठवडा रंगमंचावर नीट उभं कसं राहायचं तेच शिकवतात.

"उभं राह्यले इतक्या दूर? माझ्या दुकानात तं सकायपासून उभाच राह्यते थो."

सगळे हसलो. आतून अनुसयाबाई, पियुषची आई, बाहेर आल्या. "जाऊ द्या ना त्याले. फक्त येतानी गोरी नको आनजो बाप्पा. तिले भाकर नाई येत."

भैय्याजींनी चहा संपवला आणि कप खाली ठेवला. "जा," ते म्हणाले. "एक हंगाम देल्ला तुले. थ्या लोकायनं म्हटलं का ह्याच्यात हाय काही, तं वर्षाचं पाहू. नाई म्हटलं, तं मंग दुकान. पुन्हा नाटकाचं नाव नाई."

पियुष वाकून त्यांच्या पाया पडला. एकतिसाव्या वर्षी त्याच्या चेहऱ्यावर मी आठवीतला मुलगा पाहिला.

तिथून तो रविवारी फोन करायचा. पहिल्या रविवारी नुसती मौज होती. जमिनीवर उताणं पडून श्वास घ्यायला लावतात. एक ओळ एका श्वासात म्हणायची. वर्गात सहा देशांची सोळा माणसं. एक बाई सत्तरीची, ती सगळ्यांत चपळ. वर्गाच्या दुसऱ्याच दिवशी एक प्रवेश वाचायला दिला आणि उद्या करून दाखवा म्हणाले, तेव्हा यानं हात वर करून विचारलं की पुस्तक कोण धरणार.

"मग?" मी विचारलं.

"मंग कोनाले समजेच ना. मी डाव्या बाजूले जाऊन, खाली बसून दाखवलं. सारे हासले. हेलनबाई हासल्या नाई. म्हने, इथं कोनी नाई धरत. पाठ कराचं."

"मग कर ना पाठ. तुला काय अवघड आहे?"

"अवघड नाई बाई. गावातले दोनशे सातबारे पाठ हायत मले. कोनाच्या वावरात कोन्तं बियानं, सारं सांगतो. पन तिथं उभा राह्यलो का बुद्धी काम नाई करत. कान काम करते."

मी हसण्यावारी नेलं. हळूहळू जमेल म्हणाले. तिसऱ्या आठवड्यापासून त्याचे फोन आखूड होत गेले. शेवटच्या सादरीकरणासाठी हेलननं त्याला एका जुन्या शोकांतिकेतलं भाषण दिलं. युद्धाहून परतलेला म्हातारा सेनापती पडलेल्या मुलाच्या प्रेताशी बोलतो, बेचाळीस ओळी. इंग्रजीचं ओझं नको, तुझ्याच भाषेत कर, असंही ती म्हणाली. पियुषनं मजकूर मला पाठवला. प्रेरणाला हाताशी धरून चार दिवसांत मी मराठी केलं, आणि ते नीट पोचावं म्हणून फोनवर माझ्या आवाजात वाचूनही पाठवलं. तो ते कानाला लावून झोपायचा असं त्यानं पुढं सांगितलं. मला वाटलं, आपण त्याला मदत करतो आहोत.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी सादरीकरण झालं. त्यानं मला त्याबद्दल फोनवर काही सांगितलं नाही. परत आल्यावर, माझ्या ओसरीत बसून सांगितलं.

"पहिल्या अकरा ओळी मस्त गेल्या, बाई. आवाज असा भरला ना, मलेच वाटलं का मी नाई बोलून राह्यलो. मंग थांबलो. तिथं थांबाचंच होतं. लोकं बी असे पाहून राह्यले होते. मंग मान वळली. डावीकडं."

त्यानं बसल्या बसल्या मान तशी वळवून दाखवली.

"तिथं भिंत होती. पांढरी. मले वाटलं, आता बाई सांगतीन."

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट म्हने. मले तं तास वाटला. मंग मी हात जोडले अन् उतरलो. लोकायनं टाळ्या वाजवल्या. त्यायले वाटलं, तेवढंच होतं."

मी आत जाऊन पाणी आणलं. तो ते प्यायला आणि म्हणाला, "अन् मजा सांगू? येतानी विमानात अख्खं पाठ झालं. बेचाळीसच्या बेचाळीस. एक शब्द नाई चुकला. बाजूचा मानूस पाहे, म्हनून मनातच म्हटलं."

माझी चूक झाली असं मी तेव्हा त्याला म्हणाले. तो लगेच म्हणाला, "तुमची कशाची? तुम्ही नसत्या तं मी पयल्या वर्षीच उतरलो असतो." त्याला तसं मनापासून वाटत होतं. मला बरं वाटलं नाही.

घरी भैय्याजींनी त्याला काही विचारलं नाही. तो सामान घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ते म्हणाले, "आला का? हात-पाय धू." दुसऱ्या दिवशी सकाळी पियुष दुकानात होता. भैय्याजींनी तो हंगाम एकट्यानं ओढला होता. गुडघे सुजले होते, आवाज बसला होता. हे त्यांनी नाही सांगितलं, अनुसयाबाईंनी सांगितलं.

त्या वर्षी शारदोत्सवाच्या नाटकात पियुष नव्हता. मंडळाची माणसं विचारायला गेली तर म्हणाला, दुकानात काम आहे. पुस्तक धरणं मीही सोडलं.

त्याआधी सप्टेंबरातच हेलनचं पत्र आलं होतं. ते मला पियुषनं नाही, प्रेरणानं दाखवलं. हेलननं लिहिलं होतं की यंदा जागा देता येत नाही, पण अकरा ओळी तिच्या लक्षात राहिल्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ये, फी याही वेळी नाही, सादरीकरण पुन्हा दे, जमलं तर वर्षाची जागा मिळेल. येणार असशील तर जानेवारीच्या एकतीस तारखेच्या आत कळव.

"बाई, तुम्ही बोला ना त्याच्याशी," प्रेरणा म्हणाली. "माझं आइकत नाई थो. पाहू म्हनते. तुमचं आइकन."

ती म्हणाली ते खरं होतं. मी म्हटलं असतं तर त्यानं त्याच दिवशी उत्तर लिहिलं असतं. म्हणूनच मी बोलले नाही. मी ठरवलं की आता या मुलाला पुढचं वाक्य आपण द्यायचं नाही. त्याला जायचं असेल तर त्याचं त्यानं ठरवावं, त्याच्या तोंडानं बापाला सांगावं. फार विचार करून ठरवलं होतं. आणि प्रेरणालाही म्हणाले, तू घरी विषय काढू नकोस.

त्या चार-पाच महिन्यांत तो माझ्याकडं नेहमीसारखा येई. दिवाळीला फराळ घेऊन आला. संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आला. तो बसे, इकडचं तिकडचं बोले, आणि उठताना उंबऱ्याशी जरा रेंगाळे. मला दिसत होतं. मीही त्याच्याकडं बघून गप्प राही, आणि मनात म्हणे, बोल, आता बोल. तो चप्पल घालून निघून जाई.

जानेवारी संपला.

फेब्रुवारीच्या मध्यात मी परसातल्या वाफ्यासाठी मेथीचं बी घ्यायला दुकानात गेले. ऊन वर आलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. भैय्याजी एकटेच गल्ल्यावर होते. त्यांनी मला खुर्ची दिली, बी काढलं, आणि पुडी बांधता बांधता म्हणाले, "बाई, तिकडून पियुषले पुन्हा बोलावलं होतं म्हनते. प्रेरणाच्या तोंडून काल निंगालं."

"हो. पुन्हा ये म्हणाले होते."

"मंग गेला काऊन नाई? हो काऊन नाई म्हटलं त्यानं?"

"भैय्याजी, तुम्ही त्याला एकच हंगाम दिला होता."

पुडीचा दोरा त्यांच्या बोटाला तसाच गुंडाळलेला.

"ते तं मी म्हटलं होतं," ते सावकाश म्हणाले. "बाप म्हनतच असते बाई. मांगतला असता दुसरा, तं नाई म्हनलो असतो का मी? मले पत्राचं ठाऊकच नोहतं. पन पोराच्या मनात काही हाय, हे दिसत होतं. दिवाईपासून रोज जेवाले बसलो का वाटे, आज बोलन. आज बोलन."

"तुम्ही विचारायचं होतं."

"मी काय इचारू? मले वाटलं, तिकडं काही झालं, अन् मन उडालं त्याचं. दुखऱ्या जागी कोन बोट लावते?" त्यांनी दोरा तोडला. "अन् गुडघ्याचं म्हनसान, तं गुडघे काय, पोरगा दुकानात असला तरी दुखतात."

तेवढ्यात पियुष आला. कुणाच्या तरी वावरात पोती टाकून आला होता, अंगावर खताची भुकटी. भैय्याजी त्याला बघून एकदम उठले, जेवायला वाढलं का बघतो म्हणाले आणि मागच्या दारानं घरात गेले. दुकानाला लागूनच घर आहे. मध्ये एक पडदा.

मी पियुषला सगळं सांगितलं. बाप काय म्हणाला ते शब्दाला शब्द. तो गल्ल्याला टेकून, मान खाली घालून ऐकत होता. माझं पूर्ण बोलून झाल्यावर थोड्या वेळानं म्हणाला, "तारीख तं गेली."

"आपण लिहून बघू. उशीर झाला म्हणून."

"लिवलं होतं बाई. फेब्रुवारीच्या चार तारखेले. राह्यवलं नाई. हेलनबाईनं लगेच उत्तर देल्लं. तिले लय वाईट वाटलं म्हने. पन जागा भरल्या. अन् पुढच्या सालापासून थ्या दोन जागा बी बंद करून राह्यले."

त्यानं कापडानं गल्ला पुसला, जिथं पुसायची गरज नव्हती तिथंही पुसला. मग विचारलं, "तुमाले ठाऊक होतं, पत्राचं?"

"होतं. प्रेरणानं सप्टेंबरातच सांगितलं होतं."

त्यानं मान वर केली. राग नव्हता. वर्गात एखादा शब्द चुकला की हा मुलगा फळ्याकडं असा बघायचा, कुठं चुकलं ते शोधत.

"मंग तुम्ही काऊन नाई बोल्ल्या?"

मी त्याला खरं ते सांगितलं. म्हटलं, "मला वाटलं, या वेळी तुझं तू बोलावंस."

"बरं," तो म्हणाला.

त्यानं मेथीची पुडी माझ्या पिशवीत नीट वर ठेवली, कशाखाली दाबली जाणार नाही अशी. "बसा बाई, जेऊन जा," म्हणाला. मी घरी भाजी टाकून आले आहे म्हटलं, ते खोटं होतं. तो हात धुवायला आत गेला. मी उठले, पण लगेच पायरी उतरवेना, म्हणून जरा वेळ तिथंच उभी राहिले. पडद्याआड ताटं मांडल्याचा आवाज आला. पाट सरकला.

मग भैय्याजींचा आवाज आला. "भाजी घे अजून."

"पुरे, बाबा," पियुष म्हणाला.